आमच्याकडे तर चालतं

आमच्या घरात नेट सगळ्यांचं चालायचं, फक्त एका मशीनचं जायचं, आणि ते मशीन माझं होतं. नवऱ्याचा फोन चालायचा, टीव्ही चालायचा, वजनाचा काटासुद्धा कुठेतरी जोडलेला होता आणि आमची वजनं कुणाला तरी इमानेइतबारे कळवत होता. माझं मशीन मात्र दुपारची जेवणं उरकली की मान टाकायचं. तेही रोज नाही. रोज गेलं असतं तर मी त्याचा निकाल कधीच लावला असता. पण हे कधी जायचं, कधी नाही, आणि दुरुस्तीवाल्याला दाखवायला बोलावलं की शहाण्या मुलासारखं हाताची घडी घालून चालत बसायचं.

मशीन माझं म्हणजे तसं जुनंच, नवऱ्याच्या चष्म्याच्या दुकानातून निवृत्त झालेलं. माझी होती ती त्यावरची ऑपरेटिंग सिस्टीम. तुम्ही आम्ही सगळे जी वापरतो ती कुठल्या तरी बड्या कंपनीची असते. ही तशी नव्हती. जगाच्या पाठीवर इथेतिथे विखुरलेल्या काही हौशी मंडळींनी आपली आपणच एक नवीन लिहायला घेतली होती. नोकरी सोडल्यावर मीही त्यांच्यात सामील झाले. अर्धं आयुष्य मी लोकांच्या पगारातून काय काय कापायचं याचे प्रोग्रॅम लिहिण्यात घालवलं होतं. आता म्हटलं, काहीतरी असं लिहू की ज्यामुळे कुणी हळहळणार नाही.

"प्रायोगिक म्हणजे काय?" नवऱ्याने विचारलं होतं.

"म्हणजे अजून पूर्ण झालेली नाही."

"कधी होणार?"

"तसं काही ठरलेलं नाही."

"अच्छा, म्हणजे आपल्या बाथरूमच्या कामासारखी."

तिचं खरं नाव उच्चारताना जिभेला गाठ पडते. चिन्ह मात्र खारीचं आहे, म्हणून घरात तिला सगळे 'खार' म्हणू लागले. "तुझी खार आज पळतेय का?" असं मला माझाच नवरा चहा ढवळत विचारायचा, आणि मी त्याच्याकडे पगार कापणाऱ्याच्या नजरेने बघायचे.

आता या खारीला जगात तिच्या निर्मात्यांव्यतिरिक्त एकच वापरकर्ती होती, आणि ती म्हणजे माझ्या सासूबाई. त्या ज्येष्ठांच्या एका ऑनलाइन बुद्धिबळ मंडळात खेळतात. फोनवर घोडा आणि उंट यांत फरक दिसेना, म्हणून मीच मोठ्या मनाने त्यांना मागच्या खोलीतल्या माझ्या मशीनचा मोठा पडदा देऊ केला. त्यात माझा स्वार्थ होता. आपण बांधलेल्या घरात कुणीतरी राहायला आलं की जो आनंद होतो तो मला होत होता. मंडळाच्या स्पर्धेत सासूबाई उपांत्य फेरीपर्यंत पोचल्या. समोर होते एक निवृत्त न्यायाधीश. त्यांना मंडळात सगळे न्यायमूर्ती म्हणत. आणि नेमकी तिथूनच खारीने दुपारची मान टाकायला सुरुवात केली.

मंडळाचा नियम दयाळू होता. सगळे खेळाडू वयस्कर, कुणाचं नेट जातं, कुणाचा हात भलतीकडे लागतो, तर डाव मोडला की तो रद्द धरायचा आणि दुसऱ्या दिवशी नव्याने मांडायचा. त्यामुळे सासूबाई आणि न्यायमूर्ती यांची उपांत्य फेरी संपेचना.

"आई, सॉरी हं," मी प्रत्येक वेळी ओशाळून म्हणायचे. "आज पुन्हा गेलं."

"असू दे गं," त्या म्हणायच्या. "प्रयोगच आहे ना तो. चालायचंच."

ज्या बाईने माझ्या लग्नातल्या वाढप्यांच्या चुका अजून माफ केलेल्या नाहीत, तिचं हे बोलणं ऐकून माझे डोळे पाणावले. मी मनाशी ठरवलं, आता हा बिघाड शोधल्याशिवाय स्वस्थ बसायचं नाही.

रीतीप्रमाणे मी आधी आमच्या मंडळींना कळवलं. त्यांचा म्होरक्या कोण, कुठला, कुणालाच ठाऊक नाही. नावापुढे फोटोच्या जागी घुबड असतं म्हणून सगळे त्याला घुबड म्हणतात. मी सविस्तर लिहिलं: दुपारी नेटवर्क जातं, कधी जातं, कधी जात नाही, बाकी घरात सगळं ठीक. घुबडाचं उत्तर आलं, "आमच्याकडे तर चालतं." खाली आणखी दोघातिघांनी माना डोलावल्या. त्यांच्याकडेही चालत होतं.

या तीन शब्दांनी माणसाचा जितका अपमान होतो तितका शिव्यांनी होत नाही. पगाराच्या कंपनीत असताना मी स्वतः हे शब्द शेकडो ग्राहकांना ऐकवले होते. पण ते ग्राहक होते. मी जाणकार होते. तर मग खारीचा दोष नाही असं तेच म्हणतायत ना? ठीक. दोष बाहेरचाच असणार. मी नेटच्या कंपनीला फोन लावला.

कंपनीच्या ग्राहकसेवेतली मुलगी फार गोड होती. तिने आधी मला तक्रार ऑनलाइन नोंदवायला सांगितलं. मी म्हटलं, नेटच नाही. ती म्हणाली, मग नेट आल्यावर नोंदवा. मी म्हटलं, आल्यावर तक्रार राहत नाही. मग तिने विचारलं, "मॅडम, कॉम्प्युटरवर कुठली सिस्टीम आहे?" मी सांगितली. तिने मला स्पेलिंग विचारलं. ते दिलं. मग तिने विचारलं, कंपनी कुठली? मी म्हटलं, कंपनी नाही, आम्ही काही माणसं मिळून लिहितो. "म्हणजे मॅडम, ती तुम्ही घरी केलीय?" हे तिने अशा सुरात विचारलं की मी घरी औषधं बनवते असं तिला वाटलं असावं.

शेवटी तंत्रज्ञ आला. सकाळी आला. सकाळी खारीचं नेट नाचत होतं. त्याने नवऱ्याचा फोन जोडून वेग मोजला, वेग उत्तम होता, आणि तो बूट घालून निघालाही. त्याच संध्याकाळी मला कळवण्यात आलं की तक्रार निकाली निघाली असून तक्रारदाराने पूर्ण समाधान व्यक्त केलं आहे. मी पुन्हा फोन लावून म्हटलं की मी काहीही व्यक्त केलेलं नाही. तेव्हा मला सांगण्यात आलं की समाधान मागे घ्यायचं असेल तर नवी तक्रार करावी लागेल. ऑनलाइन.

आता अर्थिंगकाकांविषयी सांगायला हवं. ते आमच्या दोन मजले खाली राहतात. वीजखात्यातून मुख्य निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. बायको गेल्यापासून एकटेच असतात, त्यामुळे कुणाच्या घरात काही बिघडलं की त्यांना आधी कळतं. जगातला कुठलाही बिघाड अर्थिंगमुळे होतो असं त्यांचं ठाम मत आहे. मिक्सर जळाला, अर्थिंग. दूध नासलं, फ्रीजचं अर्थिंग. वरच्या मजल्यावरचं लग्न मोडलं तेव्हासुद्धा ते जिन्यात काहीतरी पुटपुटल्याचं अनेकांनी ऐकलं.

काका दुपारचे आमच्याकडे अधूनमधून आपणहून डोकावायचेच, पण या वेळी आले ते सासूबाईंनी बोलावलं म्हणून. याचं मला फार आश्चर्य वाटलं. कारण सासूबाईंचं काकांविषयीचं मत एका शब्दाचं होतं, आणि तो शब्द इथे लिहिण्यासारखा नाही. पण एका दुपारी त्या डाव अर्धवट सोडून गॅलरीत गेल्या आणि वाकून हाक मारली, "अहो, घरात आहात का? या ना वर. चहा टाकतेय."

काका काठी टेकत वर आले. दारातच फोन खिशातून काढून टेबलावर ठेवला. आमच्या वायफायचा पासवर्ड त्यांनी पहिल्याच भेटीत पाण्याच्या आधी मागून घेतलेला होता. ते बसतात न बसतात तोच खारीचं नेट गेलं.

"बघा, गेलं," सासूबाई म्हणाल्या.

"अर्थिंग," काका म्हणाले.

आणि मग कप खाली ठेवून त्यांनी अत्यंत गंभीरपणे सांगितलं, "सूनबाई, एकदा बंद करून चालू कर." मी केलं. आणि नेट आलं! काकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या खात्यात नुकतीच उमेदवार म्हणून रुजू झालेय. त्यानंतर कित्येक दुपारी हेच. काका यायचे, नेट गेलेलं त्यांना याचि देही दिसायचं, ते बंद करून चालू करायला सांगायचे, आणि नेट यायचं. डाव अर्थातच तोवर मोडलेला असायचा. एवढं शिकून मी महिनाभर खपतेय आणि हा गृहस्थ चहाच्या एका घोटात काम करतोय, हे मला सोसेना.

काकांच्या डोक्याला आता धार चढली. कायमचा इलाज करायचा म्हणून त्यांनी आमचा फ्रीज जागचा हलवला. मग त्याच्यामागच्या सॉकेटमध्ये स्वतःचा जुना टेस्टर घातला. मोठा आवाज झाला आणि अख्ख्या जिन्याचे दिवे गेले. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध थांबली. आत इमारतीच्या समितीच्या अध्यक्षीणबाई होत्या, हातात भाजीची पिशवी. त्यांना बाहेर काढेपर्यंत त्यांनी आतून ज्या ज्या सूचना दिल्या त्या सगळ्या पुढे समितीच्या सभेत विषय म्हणून आल्या.

मी म्हटलं, वायफायचाच भरवसा नको. सरळ वायर टाकू. राऊटर पुढच्या खोलीत, मशीन मागच्या खोलीत. मध्ये बोळ. बोळातून वायर टाकली. नवरा दुकानातून आला, सगळ्या जगाला नीट दिसावं म्हणून जन्मभर झटलेला माणूस, आणि त्याला स्वतःच्या पायाखालची वायर दिसली नाही. पाय मुरगळला. बँडेज बांधून तो पुढच्या खोलीत स्टुलावर पाय ठेवून बसला आणि दुकान नोकरांवर सोडून पूर्ण वेळ मला सल्ले देऊ लागला. म्हणजे आता सल्लागार दोन झाले. मी वायर बोळातून काढून खिडकीबाहेरून, गॅलरीवरून मागच्या खोलीत नेली. दुसऱ्या दिवशी जिन्यातल्या फळ्यावर सूचना लागली: इमारतीच्या दर्शनी भागावर विनापरवाना वायरी लोंबकळत ठेवणाऱ्या सभासदांनी त्या त्वरित काढाव्यात. 'सभासदांनी' असं अनेकवचन होतं, पण वायर एकच होती.

मी परवानगी मागायला गेले. अध्यक्षीणबाईंनी मला बसवून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "वायर कशासाठी?"

"एक प्रयोग चाललाय."

"तो वीज घालवणारा?"

"तो वेगळा. तो काकांचा."

"मग हा काय घालवणार आहे?"

परवानगी मिळाली नाही. आणि सगळ्यात बोचरी गोष्ट म्हणजे वायर असतानाही दुपारी नेट गेलंच होतं.

इकडे न्यायमूर्ती धीराचे गृहस्थ खरे, पण त्यांचाही सूर बदलू लागला होता. खेळताना बाजूला निरोप लिहिता येतात. एकदा डाव पुन्हा मांडताना त्यांनी लिहिलं, "आपलं नेट फार वेळेवर जातं, असं माझं निरीक्षण आहे." सासूबाईंनी उत्तर पाठवलं, "आमच्याकडे प्रयोग चालू आहे." मला ते वाचून भरूनच आलं. माझ्यासाठी एका न्यायाधीशाचा रोष पत्करत होत्या त्या.

शेवटी मी एक दुपार मशीनजवळ ठाण मांडून बसले. खार आणि राऊटर यांच्यात जे काही बोलणं होतं ते सगळं पडद्यावर उमटत राहील अशी सोय केली. सासूबाई शेजारी खेळत होत्या. बराच वेळ सगळं सुरळीत चाललं. मग त्या उठल्या, गॅलरीत गेल्या, हाक मारली. चपलांचा आवाज जिन्यातून वर आला. काकांनी उंबरठा ओलांडला आणि माझ्या डोळ्यांसमोर पडद्यावरची सगळी चाल थांबली.

"काका," मी ओरडले, "मागे सरका!"

काका घाबरून मागे सरकले. "काय झालं? करंट आहे?"

"नाही, खाली जा. तुमच्या घरापर्यंत. आणि परत या."

"अगं, मी आत्ताच तिथून आलो."

पण गेले बिचारे. ते गेल्यावर थोड्या वेळात नेट परत आलं. ते वर आले, गेलं. पुन्हा पाठवले, आलं. नवरा स्टुलावरून उठून लंगडत मागच्या खोलीत आला. त्याच्या डोळ्यांत तीच चमक आली जी गिऱ्हाइकाच्या नाकावर चाचणीची फ्रेम चढवताना येते.

"थांब," तो म्हणाला. "आम्ही डोळे तपासताना एका वेळी एकच काच बदलतो. काकांची एकेक वस्तू काढून बघ."

मग आम्ही काका तपासले. आधी काठीशिवाय आले, नेट गेलं. टोपीशिवाय आले, गेलं. चष्म्याशिवाय पाठवलं तेव्हा ते जिन्यात अध्यक्षीणबाईंवर आदळले आणि त्यांनाच चुकून "या वहिनी" म्हणाले, पण वर पोचले, आणि नेट गेलं. धापा टाकत खुर्चीत बसून काका अभिमानाने म्हणाले, "मला वाटतच होतं. माझ्या अंगातच करंट आहे. खात्यात सगळे म्हणायचे."

"शेवटचं एकदा. फोन घरी ठेवून या."

फोन घरी ठेवून काका आले. आम्ही सगळे पडद्याकडे बघत राहिलो. नेट गेलं नाही.

"म्हणजे अंगात नाही?" काकांचा चेहरा पडला.

"नाही काका. फोनमध्ये आहे."

या सगळ्या गडबडीत सासूबाई खिडकीबाहेर बघत उभ्या होत्या. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. पण त्याचा विचार करायला मला तेव्हा फुरसत नव्हती.

पुढचं कळायला मग वेळ लागला नाही. घरातल्या प्रत्येक यंत्राला राऊटर एक नंबर देतो, तोही काही तासांच्या बोलीवर. मुदत संपत आली की यंत्राने आपण होऊन ती वाढवून घ्यायची असते. बाकी सगळी यंत्रं घेत होती, अगदी वजनाचा काटासुद्धा. खार मात्र सकाळी एकदा नंबर घ्यायची आणि मुदत टळून गेली तरी तिथेच पाय पसरून बसायची. राऊटरच्या लेखी जागा मोकळी. दुपारी काका आले की त्यांच्या फोनला तीच जागा. एका खोलीत दोन भाडेकरू आणि टपाल एकाचं दुसऱ्याला. बंद करून चालू केलं की खारीला नवी जागा मिळायची, म्हणून काकांचा इलाज लागू पडायचा. सकाळी आलेल्या तंत्रज्ञाला काही दिसलं नाही कारण सकाळी मुदत शिल्लक असायची, आणि काका नसायचे.

मी खारीच्या पोटात शिरून तो भाग शोधला. जिथे मुदत वाढवायचं काम व्हायला हवं होतं तिथे कुणीतरी फक्त एक टीप लिहून ठेवली होती: 'हे पुढे कधीतरी.' टीप घुबडाच्या हातची होती.

त्या वेळचा आनंद मी कुणाला समजावून सांगू शकत नाही. मी सविस्तर अहवाल लिहिला. आमच्यात अशी रीत आहे की बिघाड कसा घडवून आणायचा त्याची कृती द्यावी लागते, म्हणजे इतरांनाही तो बघता येतो. मी प्रामाणिकपणे लिहिलं: सकाळी मशीन चालू करा. दुपारपर्यंत बंद करू नका. मग काकांना चहाला बोलवा.

घुबडाने विचारलं, "काका हे कुठल्या बनावटीचं उपकरण आहे?"

मी लिहिलं, उपकरण नाही, माणूस आहे. शेजारी. येताना फोन घेऊन येतो.

मग त्याने लिहिलं, "माझ्याकडे कुणी येत नाही. म्हणून मला हे कधी दिसलं नसावं." आणि खाली, "छान शोधलंत. यावर सगळे मिळून चर्चा करू."

चर्चा आमच्यात पिकायला घातलेल्या आंब्यांसारखी चालते, कधी होईल सांगता येत नाही. मी थांबले नाही. दुरुस्ती लिहून आधी आमच्या मशीनवर चढवून मोकळी झाले. घरात सांगितलं नाही. म्हटलं, उद्या काका सवयीने फोन घेऊनच येतील, नेट जाणार नाही, आणि मग मी सावकाश मान वर करीन.

दुसऱ्या दिवशी उपांत्य फेरीचा डाव पुन्हा मांडला गेला. मी दाराशी भाजी निवडत बसले होते, म्हणजे भाजीकडे माझं लक्ष नव्हतं. मला बुद्धिबळ फारसं कळत नाही, पण सासूबाईंच्या पाठीवरून एवढं कळत होतं की डाव बरा चाललेला नाही. त्यांचा वजीर गेला. मग एक हत्ती गेला. त्या खुर्चीत जरा मागे रेलल्या, उठल्या, गॅलरीत गेल्या.

"अहो, येताय ना? चहा झालाय!"

चहा झालेला नव्हता. गॅसवर भांडंही नव्हतं. मी निवडत होते ती शेंग माझ्या हातातच राहिली.

काका आले. फोन टेबलावर ठेवला. सासूबाई मशीनसमोर हात मांडीवर ठेवून, गाडीची वाट बघणाऱ्या माणसासारख्या बसून राहिल्या. नेट गेलं नाही. त्यांनी काकांच्या फोनकडे बघितलं. पडद्याकडे बघितलं. मग मान वळवून माझ्याकडे.

"दुरुस्त केलंस?"

"हो," मी म्हटलं.

"तू तर म्हणालीस ती माणसं आधी चर्चा करणार."

"ती करतायत. मी आपल्याकडे आधीच करून टाकलं."

"विचारायचं तरी!" सासूबाई म्हणाल्या.

पुढच्या खोलीतून नवऱ्याने स्टूल सरकवल्याचा आवाज आला. त्यालाही कळलं होतं. कित्येक दुपारी, डाव अंगाशी आला की हाक. हाकेला काका. काकांबरोबर फोन. आणि मी प्रत्येक वेळी यांची माफी मागत होते! मी ज्या बिघाडाच्या मागे जिवाचं रान केलं, लिफ्टमध्ये माणूस अडकवला, नवऱ्याचा पाय मोडायची वेळ आणली, त्याची कृती या बाईला पहिल्या आठवड्यापासून पाठ होती.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"ते नंबरबिंबर मला काय माहीत?" त्या म्हणाल्या. "हे आले की जातं, एवढं दिसत होतं. मला वाटलं, तुलाही दिसत असेल."

मग त्या पडद्याकडे वळल्या आणि खेळू लागल्या. हे मी त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं: त्यांनी डाव सोडून दिला नाही, मशीन बंद केलं नाही, वायरीला पाय लावला नाही. उरलेल्या प्याद्यांनिशी, एक घोडा आणि एक उंट घेऊन त्या लढल्या. न्यायमूर्तींनी त्यांना कोपऱ्यात कोंडलं, शह दिला, पुन्हा शह दिला, आणि मात केली. सासूबाई एकेक अक्षर शोधत लिहू लागल्या. मी पाठीमागून वाचलं. "आधीचे मोडलेले डावसुद्धा तुमचेच धरावेत. नेट मी घालवत होते."

न्यायमूर्तींचं उत्तर आलं, "ते मी पहिल्या दिवसापासून धरलेले आहेत."

सासूबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तेवढ्यात काका खाकरले. आम्ही त्यांना विसरूनच गेलो होतो. ते उभेच होते, फोन उचलून हातात घेतलेला.

"म्हणजे वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही मला नेट घालवायला बोलवत होतात."

"हो," सासूबाई म्हणाल्या.

"मला वाटलं, चहाला."

"चहा खराच होता."

आज तोही नव्हता, हे त्या दोघांनाही माहीत होतं. काकांनी फोन खिशात घातला, काठी शोधली. ती त्यांच्या हातातच होती. मला वाटलं, आपण काहीतरी बोलायला हवं, पण अशा वेळी मला फक्त माफ्या मागता येतात आणि त्या मी सगळ्या भलत्याच माणसासाठी खर्चून बसले होते.

"निघतो," काका म्हणाले. "आता मी येऊन उपयोग तरी काय?"

"बसा," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच खडा होता. "काही उपयोग नसलेली दोन माणसं घरात आधीच आहेत. त्यात तुम्ही एक."

पुढच्या खोलीतून नवरा म्हणाला, "ऐकलं हं मी."

काका उभे राहिले, मग खुर्चीच्या कडेवर टेकले, मग नीट बसले. मी चहा टाकायला उठले. स्वयंपाकघरातून मला त्यांची पाठ दिसत होती. त्यांनी बराच वेळ पडद्यावरच्या मेलेल्या डावाकडे बघितलं आणि मग जे न करता त्यांना राहवणं शक्यच नव्हतं ते केलं.

"वहिनी, तो उंट जरा आधी बाहेर काढायला हवा होता."

"तुम्हाला बुद्धिबळ येतं?"

"येत नाही. पण तो तिथे एका जागी अडकून बसलाय, एवढं दिसतंय ना."

मला वाटलं, आता संपलं. सासूबाईंनी उंटाकडे बघितलं, राजाकडे बघितलं, पुन्हा उंटाकडे बघितलं.

"खरंय," त्या म्हणाल्या. "फार आधी काढायला हवा होता."

आणि त्यांनी आपली खुर्ची थोडी बाजूला घेतली, काकांना दिसेल असा पडदा वळवला, आणि डाव पहिल्या चालीपासून पुन्हा बघायला घेतला.